चव लागलेला पारा

सराफ बाजारातली दुकानं उघडायच्या आधी जी बाई पायरी-पायरीवरून कुंचा फिरवत जायची, तिला नवखा माणूस झाडूवालीच समजायचा. एकदा रामकुंडावर आलेल्या कुणा यात्रेकरूनं दया येऊन तिच्या सुपात दोन पैसे टाकले. खातूनबीनं ते उचलून त्याच्या हातावर परत ठेवले आणि सांगितलं, की तुम्ही उभे आहात तिथं याहून जास्त पडलेलं आहे, तेव्हा जरा पाय उचला. बिचारा पाय उचलून बाजूला झाला, आणि तिनं त्याच्या पायाखालची धूळसुद्धा सुपात भरून घेतली.

खातूनबी झारेकरीण होती. सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. काही त्याच्या धोतरात अडकतात, काही गादीखाली जातात, काही गिऱ्हाइकाच्या जोड्याला चिकटून पायरीवर येतात. सोनार कितीही हुशार असो, उडालेला कण धरणं त्याच्या बापालाही जमत नाही. ते काम झारेकऱ्याचं. अकरा दुकानं खातूनबीच्या सासऱ्यापासून त्यांच्या घरात होती. पायरीवरच्या धुळीत जे निघेल ते झारेकऱ्याचं नशीब. भट्टीची राख मात्र दुकानदाराची. ती धुवायची, निघालेलं सोनं दुकानदाराच्या हातात द्यायचं आणि तो ठरलेला वाटा देईल तो घ्यायचा. यात कागद नाही, अंगठा नाही. राखेत किती निघालं हे झारेकरी सांगेल तेच खरं. सख्ख्या भावावर विश्वास न ठेवणारे लोक त्या बाजारात होते, पण झारेकऱ्यावर ठेवावाच लागायचा.

म्हणून झारेकऱ्यांची एक रीत होती, आणि खातूनबी ती कधी चुकवायची नाही. एका दुकानाची राख धुवायच्या आधी ती आपल्या चुलीची राख आणायची आणि त्याच काठवटीत धुऊन बघायची. चुलीच्या राखेत सोनं कुठून असणार? तरी बघायचं. निघालाच एखादा पिवळा कण, तर तो आदल्या दुकानाचा, काठवटीच्या चिरेत राहिलेला. तो त्याला परत जायचा. दीर इसाक तिला हसायचा. म्हणायचा, भाभी, एवढं कोण बघतंय? ती म्हणायची, मी बघतेय ना, बस झालं.

धुण्याची जागा गंगेवर, म्हणजे नाशकातल्या गोदावरीवर, घाटाच्या खालच्या अंगाला, धोब्यांच्या दगडांच्या पलीकडे. काठवट अर्धी पाण्यात धरायची आणि एका लयीत हलवायची. आधी माती निघून जाते, मग राख, मग वाळू. जड असेल ते मागं राहतं. शेवटी तळाशी काळ्या गाळाची एक बारीक कोर उरते, आणि त्या गाळावर पारा सोडायचा. पारा सोन्याला असा धरतो की बस. मग तो पारा हरणाच्या कातड्यातून पिळायचा, म्हणजे पारा खाली गळतो आणि सोन्याचा मऊ गोळा कातड्यात राहतो. तिचा नवरा निसार तो गोळा विस्तवावर ठेवून पारा उडवायचा. त्या धुरानं त्याचे हात थरथरायला लागले. झारेकऱ्याचे हात थरथरले की संपलं, सोनं वाळूबरोबर वाहून जातं. निसारचं तसंच झालं, आणि पुढं तो अंथरुणावरून उठलाच नाही. तेव्हापासून खातूनबीनं घरात पारा विस्तवावर ठेवू दिला नाही. गोळा ती तेजाबात विरघळवायची. पारा तेजाबात जातो, सोनं तळाशी राहतं.

आणि त्या पाऱ्याची आणखी एक गोष्ट होती. बाजारातून आणलेला नवा पारा ती कधी सरळ गाळावर सोडायची नाही. नवा पारा आळशी असतो, सोन्यावरून घरंगळत जातो. पाऱ्याला आधी सोन्याची चव लागावी लागते. म्हणून सासऱ्याच्या वेळेपासूनची एक चिनी मातीची बरणी घरात होती, आणि तिच्यातला पारा कितीही पिळला तरी त्यात थोडं सोनं मुरलेलं राहायचं. नवा पारा त्यातच मिसळायचा, दह्याला विरजण लावतात तसं. हे झारेकऱ्यांच्या घरात शेंबड्या पोराला ठाऊक. सराफांना ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. कुणी विचारलंच नव्हतं.

सन चौतीसात एकदा गोळा विरघळवताना तेजाबाचा शिंतोडा तिच्या उजव्या डोळ्यात उडाला. तिची किंकाळी ऐकून तिच्या कथडा मोहल्ल्याच्या तोंडाशी खोली घेऊन राहणारे खंडेराव मास्तर धावत आले. हायस्कुलात सायन्स शिकवायचे. त्यांनी तिला अंगणात आडवं पाडलं, डोळा बोटांनी उघडा धरला आणि घागरीमागून घागर पाणी ओतलं, मग खायच्या सोड्याचं पाणी ओतलं. ती शिव्या देत होती, नखं मारत होती, पण ते थांबले नाहीत. डोळा वाचला. पापणीवर एक पांढरा डाग राहिला, तेवढंच. नंतर मास्तरांच्या हातावरचे ओरखडे पाहून ती लाजली आणि त्यांच्यासाठी शेवया घेऊन गेली.

खंडेराव मास्तर मखमलाबादच्या बाजूच्या माळ्याच्या घरचे. आई गोजराबाई अजून पहाटे फुलांची पाटी घेऊन मंडईत बसायची. घराण्यातला पहिला बी.एस्सी. झालेला माणूस, पण हायस्कुलातले इतर मास्तर त्यांना पाठीमागं ‘फुलवाले’ म्हणत, आणि ते मास्तरांना ठाऊक होतं. माणूस नाकासमोर चालणारा. पण एकदा तरी असं काही करून दाखवीन की यांची तोंडं बंद होतील, ही ठिणगी आत होतीच. कुणाच्या नसते?

छत्तीस सालच्या दिवाळीनंतर ते गंगेवर खातूनबीपाशी आले आणि चांगला पारा मिळेल का म्हणून विचारलं. एक प्रयोग करायचा होता. पावशेर लागेल म्हणाले. खातूनबीनं कारण विचारलं, आणि मास्तर वाळूतच बसले. शिकवायला बसलेला मास्तर लवकर उठत नाही.

त्यांनी सांगितलं, की विलायतेत एकानं अणू तोलायचं यंत्र केलंय. अणू म्हणजे कुठल्याही पदार्थाचा लहानात लहान कण, इतका लहान की तुमच्या काठवटीतला न दिसणारा कण त्याच्यापुढं डोंगर. असा कण तराजूत घालता येत नाही. म्हणून तो माणूस काय करतो, पदार्थाची वाफ करतो, तिला विजेचा झटका देतो. झटक्यानं प्रत्येक कणावर विजेचा सारखाच भार बसतो. मग हे कण बारीक फटीतून एका नळीत जोरात सोडायचे आणि वाटेत त्यांना विजेनं आणि मोठ्या लोहचुंबकानं बाजूला ढकलायचं. ढकलणं सगळ्यांना सारखं. हलका असतो तो जास्त वळतो, जड असतो तो कमी. नळीच्या शेवटी फोटोची काच असते. एका वजनाचे सगळे कण एकाच जागी आपटतात आणि तिथं रेघ उमटते. रेघ कुठं पडली यावरून वजन कळतं, आणि किती गडद पडली यावरून त्या वजनाचे कण किती ते कळतं.

खातूनबीनं काठवट हलवायची थांबवली. पाण्यानं ढकलायचं ते चुंबकानं ढकललं, एवढंच ना, असं तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, एवढंच. मग तिनं विचारलं की त्या नळीत हवा असते का. मास्तरांनी चमकून पाहिलं, कारण हा प्रश्न त्यांच्या वर्गात कुणी विचारला नव्हता. नसते, म्हणाले, हवा सगळी काढून टाकतात, नाहीतर कण तिच्यावर आपटून भलतीकडेच जातील. ती म्हणाली, तेच म्हणते, आधी चिखल काढल्याशिवाय सोनं दिसत नाही. आणि त्या माणसाचा हात थरथरत नसेल, असंही ती म्हणाली. मास्तर म्हणाले, वीज आणि चुंबक जराही कमीजास्त झाले की रेघा फिसकटतात. तिला निसारची आठवण झाली.

मग मास्तरांनी पाऱ्याचं सांगितलं. इतकी वर्षं पुस्तकात पाऱ्याच्या अणूचं वजन दोनशेच्या थोडं वर लिहिलेलं होतं. यंत्रात घालून बघितलं तर त्या वजनाचा पाऱ्याचा एकही कण सापडेना! रेघा पडल्या सहा-सात. कुणी एकशे अठ्ठ्याण्णव, कुणी दोनशे, कुणी दोनशे दोन. गुण सगळ्यांचे एक, तेजाबात सगळे सारखेच विरघळतात, पण वजनं निराळी. पुस्तकातला आकडा ही नुसती सरासरी. आणि सोन्याची रेघ मात्र एकच पडली, एकशे सत्त्याण्णव.

इथं मास्तरांचा आवाज खाली आला. एकशे अठ्ठ्याण्णवच्या पाऱ्याच्या अणूतला एका वजनाचा एक दाणा विजेनं उडवता आला, तर काय उरेल? एकशे सत्त्याण्णव. सोनं. दहा वर्षांपूर्वी जर्मनीत कुणी हा दावा केला होता आणि तो फसला, पण मास्तरांचं म्हणणं, त्याचा पारा मळका असेल.

खातूनबीला त्यातलं निम्मं कळलं, पण या माणसाला आपल्याकडून काही हवं आहे हे पुरतं कळलं. डोळा वाचवलेल्या माणसानं दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याला काय बाजारातला नवा, आळशी पारा द्यायचा? खाल्ल्या मिठाला जागायला नको? ती घरी गेली, सासऱ्याची बरणी उतरवली आणि त्यातला पावशेर बाटलीत भरून मास्तरांना नेऊन दिला. याच्याहून चांगला नाशकात मिळायचा नाही, असं सांगितलं, आणि ते तिच्या लेखी अगदी खरं होतं. मास्तरांनीही तो विश्वासानं घेतला. हलक्या तेजाबातून थेंबथेंब सोडून तीनदा साफ केला. त्यानं जस्त निघतं, शिसं निघतं. सोनं निघत नाही.

चार महिने मास्तर शाळा सुटल्यावर काचेच्या नळीत पाऱ्यातून विजेच्या ठिणग्या पाडत बसले. फाल्गुनात एका सकाळी ते खातूनबीच्या दारात आले. दाढी वाढलेली, हातात कागदाची पुडी. पुडीत मोहरीएवढा एक मणी होता. प्रयोगानंतर सगळा पारा तेजाबात विरघळवला, तळाशी तपकिरी भुकटी राहिली, ती टाकणखार घालून फुंकणीनं वितळवली, तर हा मणी. त्यांना नाशकात दुसऱ्या कुणाला दाखवायचा धीर नव्हता. ‘तुम्हीच सांगा, खातूनबी,’ ते म्हणाले, ‘सोनाराला दाखवला तर गावभर होईल.’

तिनं कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला. रेघ गेली नाही. सोनं होतं, चांगलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि खातूनबीची नजर समोरच्या फळीवरच्या बरणीवर गेली.

तिथंच ती बोलली असती, तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण त्या माणसाचा चेहरा बघून तिची जीभ उचलली नाही. आणि खरं सांगायचं तर तिलाही खात्री नव्हती. विजेचं आपल्याला काय कळतं? झालंही असेल. ती एवढंच म्हणाली, की सोनं हाय.

मग काय, सोनं म्हटल्यावर पुडीत थोडंच राहतंय? मास्तरांनी हेडमास्तरांना सांगितलं, हेडमास्तरांनी उन्हाळी व्याख्यानांच्या चालकांना, आणि चैत्रात हस्तपत्रकं निघाली: खंडेराव मास्तर बोलणार, विषय ‘अणूंचा तराजू आणि पाऱ्याचे सोने’. ‘फुलवाले’ म्हणणारे मास्तर आता त्यांना खंडेरावजी म्हणू लागले. सराफ बाजारात तर धरणीकंप. पाऱ्याचं सोनं व्हायला लागलं तर आम्ही काय करायचं, मूग गिळायचे? बाजारातले सगळ्यात जुने सराफ चिमाजीशेठ, खातूनबीच्या अकरा दुकानांतलं पहिलं दुकान त्यांचं, ते म्हणाले की सगळ्यांनी जाऊन ऐकायचं.

खातूनबीला जेवण गोड लागेना. तिनं इसाकला विचारलं. इसाकनं हात जोडले. म्हणाला, भाभी, झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरांचं नाव होतंय, होऊ दे. तू तोंड उघडलंस, तर सराफ पहिल्यांदा काय विचारतील? बरणीत सोनं आलं कुठून? आमच्याच राखेतलं, म्हणतील. तीन पिढ्या चोरलं म्हणतील. अकराच्या अकरा दुकानं जातील, मग काय गंगेत गोटे धुवायचे?

तो खोटं बोलत नव्हता. पण तिला मास्तरांचंही दिसत होतं. ते गावासमोर उभे राहणार, ती बातमी पुढं मुंबईला जाणार, आणि तिथं कुणीतरी कोरा पारा घेऊन हाच प्रयोग करणार. मग त्या माणसाला जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माळ्याच्या पोरानं पाऱ्यात सोनं पेरलं म्हणतील.

शेवटी तिनं तेच केलं, जे ती रोज करायची. चुलीची राख धुवायची तसं. बरणीतला पावशेर पारा मोजून घेतला. त्याला वीज नाही, ठिणगी नाही, काही नाही. तसाच काचेच्या वाटीत तेजाबात टाकला. पावशेर जुना पारा तेजाबात घालवायचा म्हणजे तिला स्वतःचं बोट कापल्यासारखं झालं. तांबडा धूर निघून गेला, पाणी निवळलं, आणि तळाशी तपकिरी भुकटी बसली. मग बाजारातून आणलेला नवा पावशेर पारा दुसऱ्या वाटीत तसाच विरघळवला. त्याच्या तळाशी काही नव्हतं.

व्याख्यानाला दोन दिवस होते. दोन्ही वाट्या पदराखाली धरून ती मास्तरांच्या खोलीवर गेली आणि टेबलावर ठेवल्या. कुठल्या वाटीत कुठला पारा होता ते सांगितलं, बरणीचं सांगितलं, विरजणाचं सांगितलं. मास्तरांनी दोन्ही वाट्या उजेडाकडं धरून पाहिल्या. मग एकदम चिडले. चार महिने, म्हणाले. आधी का सांगितलं नाहीत?

‘तुम्ही चांगला पारा मागितला,’ ती म्हणाली. ‘माझ्याकडं याच्याहून चांगला नव्हता, मास्तर.’

मास्तर खिडकीशी गेले. तिकडं तोंड करूनच म्हणाले की चूक तुमची नाही. वीज न लावलेला पारा आधी मीच बघायला हवा होता, एवढी साधी गोष्ट, आणि ती मला शिकवायला एक शाळेची पायरी न चढलेली बाई यावी लागली. सोनारानंच कान टोचावे म्हणतात ते खोटं नाही, असं म्हणून ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. व्याख्यान ते मोडणार नव्हते. मोडलं तर लोक म्हणतील, सोनं मिळालं नि लपवलं. उभं राहून खरं काय ते सांगायचं त्यांनी ठरवलं. फक्त तिचं नाव ते घेणार नव्हते. तसा शब्द दिला.

गंगेच्या वाळवंटात संध्याकाळी माणसं मावेनात. एका बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांच्यात शेवटी, डोक्यावरून पदर पुढं ओढून, खातूनबी. मास्तरांनी यंत्राचं सांगितलं. वाफ, विजेचा भार, रिकामी नळी, चुंबक, काचेवरच्या रेघा, सगळं गंगेवरच्या वाळूत सांगितलं होतं तसंच सोपं. लोक गप्प ऐकत होते, पण डोळे सगळ्यांचे सोन्याकडं. मग मास्तरांनी पुडी वर धरली आणि सांगितलं की हे सोनं पाऱ्यातून निघालं खरं, पण पाऱ्याचं झालेलं नाही. ते त्या पाऱ्यात आधीपासून होतं. वीज न लावताही तेवढंच निघतं. माझी चूक झाली.

आधी कुजबुज झाली, मग मागून कुणी ‘फुलवाले’ म्हणून ओरडलं आणि लोक हसले. चिमाजीशेठ मात्र हसले नाहीत. काठीवर भार देऊन ते उठले. पाऱ्यात सोनं आधीपासून कसं होतं, पारा आणला कुठून, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, पारा मी आणला, जबाबदारी माझी. शेठनी पुन्हा विचारलं. मास्तर पुन्हा तेच म्हणाले.

‘मग सोनं तुम्हीच टाकलं असेल,’ शेठ म्हणाले. ‘नावासाठी टाकलं, आणि आता भ्यालात.’

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोंड उघडलं नाही. चुकलेला माणूस आणि लबाड माणूस यांत किती अंतर असतं हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं, आणि मास्तर दिलेल्या शब्दापायी लबाडाच्या जागी उभे होते. खातूनबीला ते सोसवलं नाही. अकरा दुकानं तिच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

‘पारा माझा,’ ती म्हणाली. ‘तीन पिढ्यांचा. त्यात सोनं होतं, शेठ. तुमच्या भट्ट्यांचं होतं नि पायऱ्यांचंबी होतं. मास्तरांना ठाऊक नव्हतं. मला होतं.’

दुसऱ्या दिवशी ती कुंचा घेऊन बाजारात गेली, तर सात दुकानांच्या पायऱ्या आधीच झाडून ठेवलेल्या. उरलेल्या चार दुकानांचे मालक तिच्याकडं न बघता आत गेले. राख कुणीच दिली नाही. इसाक भांडला, रडला आणि शेवटी मालेगावला मागावर कामाला गेला. खातूनबी दोन महिने मास्तरांच्या मळ्यात गोजराबाईबरोबर फुलं खुडत होती. गोजराबाई तिला काही विचारायची नाही, फक्त भाकरी पुढं करायची.

त्याच मळ्यात एका दुपारी मास्तरांनी शाळेतलं लोखंडी भांडं मांडलं. त्याला लांब नळी होती, नळीचं तोंड पाण्यात. वाऱ्याच्या उलट बाजूला, सगळ्यांना लांब बसवून, त्यांनी बरणीतला पारा त्यात उकळवला. धूर कुणाच्या नाकात गेला नाही, सगळा पारा नळीतून पाण्यात उतरला. निसारच्या वेळी हे कुणाला ठाऊक असतं तर, असं खातूनबीच्या मनात आलं आणि ती उठून बांधावर गेली. भांड्याच्या तळाशी राहिलं ते वितळवलं, तेव्हा हरभऱ्याएवढी गोळी झाली. तीन पिढ्यांत मुरलेलं, बरणीत उरलेलं सगळं सोनं.

ती गोळी घेऊन ती चिमाजीशेठच्या दुकानाची पायरी चढली. आजवर तिनं ती पायरी झाडली होती, चढली कधी नव्हती. गोळी गादीवर ठेवली आणि हे बरणीतलं, असं सांगितलं.

शेठनी कस लावला. ‘हे माझ्या एकट्याचं नाही,’ ते म्हणाले. ‘अकरा भट्ट्यांचं आहे. त्यातलं माझं कुठलं?’

‘ते कुणी सांगू शकायचं नाय, शेठ. पाऱ्याच्या जाती सात, त्या विलायतच्या यंत्राला निवडता येतात. सोन्याची जात एकच. तुमचं काय नि पायरीवरच्या धुळीतलं माझं काय, त्या यंत्रालाबी एकच रेघ दिसंल.’

शेठनी गोळी बोटांत फिरवली. मग त्यांनी विचारलं की मास्तर गप्प होते, तुला उठायला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, की त्यांनी माझा डोळा वाचवला, त्याच डोळ्यानं त्यांना लबाड ठरताना बघू का? इतक्या दिवसांत ती कुणापुढं रडली नव्हती, ती शेठच्या गादीपुढं उभ्याउभ्या रडली.

शेठनी तिला रडू दिलं. मग पारा कुठं आहे म्हणून विचारलं. घरीच हाय, ती म्हणाली, पण पार कोरा झालाय. सोन्याची चव गेली त्याची, आता वर्षभर काही धरायचा नाय. शेठनी गोळी तिच्या हातात परत ठेवली. ‘मग त्या पाऱ्याला चव लाव,’ ते म्हणाले. ‘माझ्या भट्टीची राख दोन महिन्यांची साचलीय.’

सातातली चार दुकानं तिला पुन्हा कधी मिळाली नाहीत. पण ते नंतरचं. त्या दिवशी घरी येऊन तिनं बरणीत गोळी सोडली. गोळी पांढरी झाली आणि बुडाली. दुसऱ्या दिवशी चिमाजीशेठ स्वतः काठी टेकत गंगेवर राख घेऊन आलेल्या हमालामागून आले आणि धोब्याच्या दगडावर बसले. खातूनबीनं काठवट पाण्यात धरली. आधी आपल्या चुलीची राख धुतली, रिकामी काठवट त्यांना दाखवली, आणि मगच त्यांच्या राखेला हात लावला.